रपेटीनंतर घोडीची पाठ एकाच बाजूने ताठरते: मालिश करावी का, आणि कशी?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. कोल्हापूरजवळ केर्लीच्या बाजूला त्यांची आठ वर्षांची मारवाडी घोडी आहे. आठवड्यातून दोनदा ती मैदानावर अडथळ्यांवरून उड्यांचा सराव करते आणि दर रविवारी ज्योतिबाचा डोंगर चढून-उतरून येते. गेले दोन महिने रविवारच्या रपेटीनंतर खोगिराच्या मागे डाव्या बाजूची पाठ लाकडासारखी घट्ट लागते, डावीकडे वळताना घोडी मान देत नाही, आणि अलीकडे तंग (खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेले की कान मागे टाकून चावायला येते. त्यांचे मामा तालमीत वर्षानुवर्षे पैलवानांची मालिश करत आले आहेत. रोज तासभर तेल लावून जोरात रगडले की पाठ मोकळी होईल, असे मामांचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का, घोड्यांची मालिश शिकलेला माणूस बोलवावा का, किती दिवसांनी बोलवावा, आणि त्याने घोडीचा वेग व उडी वाढेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे घोड्यांच्या स्नायूंचे काम करतो. त्याआधी काही वर्षे कोल्हापुरातच पैलवानांच्या अंगावर हात चालवला आहे, त्यामुळे मामांचे म्हणणे कुठून येते हे मला नीट ठाऊक आहे, आणि त्यातले बरेचसे मी आजही वापरतो. तरीही आपल्या पत्रातील खरा प्रश्न मला मालिशीचा वाटत नाही. कष्टाने आखडलेला स्नायू विश्रांती मिळाली की दोन-तीन दिवसांत सैल होतो. आपल्या घोडीचा स्नायू दोन महिने, दर आठवड्याला, त्याच बाजूला आणि त्याच जागी घट्ट होत आहे, आणि त्यात आता तंगाचा राग मिळाला आहे. याचा माझ्या लेखी अर्थ असा की तो स्नायू दुसऱ्या कोणाचे तरी ओझे वाहतो आहे. ते ओझे खुरातले असेल, खोगिरातले असेल, तोंडातले असेल किंवा स्वाराच्या बैठकीतले असेल. ते शोधल्याशिवाय नुसती पाठ सैल केली, तर घोडी सोमवारी बरी दिसेल आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच येईल. त्याहून वाईट म्हणजे, ताठरलेली पाठ आपल्याला जी खबर देत होती ती खबर मालिशीने दबून जाईल आणि मूळ दुखणे वाढत राहील.

घोडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी यातले नेमके कारण सांगू शकत नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत, हात कधी लावावा आणि कधी लावू नये, एवढे मात्र येथे सविस्तर सांगता येईल.

हात कधी लावू नये, हे आधी सांगतो, कारण त्याची किंमत मी एकदा एका घोड्याला मोजायला लावली आहे. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तबेल्यातून मला निरोप आला की घोडा मागून आखडला आहे. दोन दिवस घोडा बांधून होता, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र पूर्ण चालू होती, आणि तिसऱ्या दिवशी त्याला एकदम जोरात पळवले होते. मी पोहोचलो तेव्हा तो दरदरून घामेजला होता, पुठ्ठे दगडासारखे घट्ट होते आणि पाऊल उचलायला तयार नव्हता. पैलवानाला गोळा येतो तसा हा गोळा असेल असे समजून मी वीस मिनिटे पुठ्ठे मळले आणि मोकळे व्हावे म्हणून त्याला चालवलेही. त्यानंतर त्याने लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची होती. तेव्हा कुठे पशुवैद्यकांना बोलावले गेले. अशा वेळी स्नायूंच्या पेशी फुटत असतात, त्यांच्यातले लाल प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. अशा घोड्याला जागचे हलवणे आणि त्याचे स्नायू दाबणे, या दोन्ही गोष्टी इजा वाढवतात, आणि मी नेमक्या त्याच केल्या होत्या. शिरेतून भरपूर द्रव दिल्यामुळे तो वाचला, पण कामावर परतायला त्याला कित्येक महिने लागले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की घोड्याच्या अंगावर हात ठेवण्यापूर्वी मी तापमान, नाडी आणि श्वास मोजतो. विश्रांतीतील मोठ्या घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. ताप असेल, विश्रांतीतही नाडी चढलेली असेल, लघवीचा रंग गडद असेल, तर मालिश नाही. घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहत असेल, जमीन उकरत असेल, लोळू पाहत असेल, तर ते पोटदुखीचे लक्षण आहे. पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून उभा असेल, खूर गरम लागत असेल आणि खुराच्या वरच्या भागात नाडी ठणठण उडत असेल, तर ती खुराच्या आतील थराची सूज असू शकते. या दोन्ही वेळी ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवावे. कातडीवर गाठींची माळ दिसत असेल किंवा नाकातून घट्ट स्राव येत असेल, तर हात लावण्याचा प्रश्नच नाही, कारण ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. संशय आला की घोडा वेगळा बांधणे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे आणि रक्ताची तपासणी होईपर्यंत थांबणे एवढेच आपण करावे. ताजी जखम, ताजी सूज आणि कारण न कळलेले लंगडणे यांनाही हेच लागू आहे.

आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावराच्या दुखण्याचे निदान आणि औषधोपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. मालिश करणारा माणूस इंजेक्शन देऊ लागला, किंवा मणका सरकला आहे तो बसवतो असे म्हणू लागला, तर त्याला तबेल्याच्या दाराशीच थांबवावे. घोड्याचा मणका अंगठ्याने सरकत नाही आणि बसतही नाही.

आता कारणे. सर्वांत आधी घोडी कडक, सपाट, सरळ जमिनीवर हातात धरून दुडकीत चालवावी आणि दुसऱ्याने समोरून, मागून व बाजूने पाहावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वर-खाली होतो. हे मोबाईलवर चित्रित करून संथ गतीने पाहिले तर नवख्या डोळ्यालाही बरेच दिसते. एका बाजूची पाठ सतत ताठरण्यामागे मागच्या पायाचे सौम्य लंगडणे मला इतक्या वेळा सापडले आहे की ते नाकारल्याशिवाय मी पाठीकडे वळतच नाही. मागच्या पायाच्या एखाद्या सांध्याला बारीक दुखणे असले की घोडा त्या पायाने जोर लावणे टाळतो, आणि ढकलण्याचे काम पाठीच्या स्नायूंवर येऊन पडते.

त्याच वेळी नालबंदाला बोलवावे. नाल किती दिवसांपूर्वी ठोकली, हा प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारतो, आणि दहा आठवडे, बारा आठवडे अशी उत्तरे ऐकून मला वाईट वाटते. सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे खुराचा पुढचा भाग लांबतो, टाच खाली बसते आणि प्रत्येक पावलाला पाय उशिरा सुटतो. डोंगर चढणाऱ्या घोडीला हे फार महागात पडते. दोन्ही मागच्या खुरांची उंची आणि कोन सारखे आहेत का, नाल एका बाजूने जास्त झिजली आहे का, हे काढलेली जुनी नाल हातात घेऊन पाहावे. जुनी नाल फेकू नये, चारही नाला पायांची खूण करून ठेवाव्यात, कारण घोडी दोन महिने कशी चालली हे त्या सांगतात.

खोगिराबद्दल मला जास्त लिहावेसे वाटते, कारण चावायला येणे आणि डावीकडे न वळणे या दोन्ही गोष्टी तिकडे बोट दाखवतात. खालची गादी न ठेवता नुसते खोगीर घोडीच्या पाठीवर ठेवा. मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या कमानीच्या मध्ये दोन ते तीन बोटे जागा राहिली पाहिजे आणि मधली पोकळ वाट मणक्यांवर शेवटपर्यंत मोकळी दिसली पाहिजे. मग शेवटची बरगडी शोधा. कुशीकडून पुढे हात सरकवत गेले की ती बोटाला लागते. तिच्या मागे शरीराला बरगड्यांचा आधार नाही, म्हणून खोगिराचा भार तिच्या मागे जाता कामा नये. काही मारवाडी घोड्यांची पाठ आखूड असते आणि बाजारात मिळणारी बरीचशी तयार खोगिरे तिच्यासाठी लांब पडतात. आपण सांगितलेली जागा खोगिराच्या बरोबर मागची आहे, त्यामुळे हे मोजमाप आजच करावे. रपेटीनंतर खोगीर काढल्याबरोबर घामाचा ठसा पाहावा. सगळीकडे घाम आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब इतका आहे की घामाच्या ग्रंथी दबल्या आहेत, असे समजावे. त्या जागी पांढरे केस उगवलेले दिसले, तर तो दाब जुना आहे.

खोगिरातलाच आणखी एक भाग स्वाराचा आहे. आपण जमिनीवरून रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) डावा पाय घालून चढत असाल, तर दर वेळी खोगीर डावीकडे ओढले जाते आणि उंचवट्याच्या उजव्या बाजूवर दाब येतो. वर्षानुवर्षे असे केल्याने डाव्या रिकिबीचा चामडी पट्टा उजव्यापेक्षा लांब झालेला मी कित्येकदा मोजला आहे. मग स्वार डावीकडे कलतो आणि घोडी त्याला सावरत चालते. दोन्ही पट्टे काढून शेजारी-शेजारी टांगून पाहा, आणि इथून पुढे त्यांची अदलाबदल करत राहा. चढण्यासाठी ओटा किंवा दगड वापरा. दुडकीत पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा एक पाय अशी जोडी एकदम उचलली जाते. उठबस करताना आपण नेहमी एकाच तिरक्या जोडीवर उठता का, हेही दुसऱ्याला पाहायला सांगा. ज्योतिबाच्या वाटेवर तासभर एकाच बाजूने उठबस झाली, तर पाठीची एक बाजू जास्त थकणे स्वाभाविक आहे.

उतार हा वेगळा विचार मागतो. चढताना स्नायू आखडून जोर लावतात, उतरताना मात्र ते ताणले जात असतानाच शरीराला थोपवून धरतात, आणि असे थोपवण्याचे काम स्नायूला सर्वांत जास्त दुखवते. ते दुखणे त्याच दिवशी न येता एक ते तीन दिवसांत वाढत जाते. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग उभा असतानाही पुढच्या पायांवर असतो, आणि घोड्याला गळपट्टीचे हाड नसते, म्हणजे त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये निव्वळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. स्वार घेऊन डांबरी उतार उतरताना ती झोळी आणि पाठ दोन्ही आवळून धरावी लागतात. म्हणून पुढचे काही रविवार चढ चालू ठेवा, आणि उतरताना खाली उतरून, तंग एक भोक सैल करून, घोडी हातात धरून चालत या. डोंगरावर जाणारे आपले जुने लोक असेच करत असत.

तोंड तपासायला पशुवैद्यकांना सांगा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या व खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. डावीकडे मान न देणारी घोडी कधी कधी निव्वळ गालातल्या जखमेमुळे मान देत नाही. तंगाच्या रागामागे पोटातले व्रणही असू शकतात, आणि घोडीच्या बाबतीत माजाचे दिवसही पाहावे लागतात. म्हणून तपासणीच्या वेळी दोन महिन्यांच्या तारखा लिहून पशुवैद्यकांच्या हातात द्याव्यात.

आतापर्यंतचा क्रम एकदा सांगतो: पशुवैद्यकांकडून चाल, पाठ आणि तोंड, नालबंदाकडून खूर, मग खोगीर, मग स्वार. यातून इजा किंवा आजार नाही हे ठरले, किंवा कारण सापडून ते दूर केले गेले, की मालिशीची जागा येते. ती जागा मोठी आहे, कारण कारण गेले तरी स्नायूची आवळून धरण्याची सवय लगेच जात नाही, आणि ती सोडवायला हाताइतके चांगले साधन मला आजवर सापडलेले नाही.

मामांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पैलवानाच्या अंगावर वीस वर्षे फिरलेल्या तळव्याला स्नायूतील गाठ, ताण आणि ऊब यांतला फरक कळतो, आणि हे पुस्तक वाचून येत नाही. पण घोड्याच्या बाबतीत तीन गोष्टी त्यांना बदलाव्या लागतील. पहिली गोष्ट तेल. पैलवानाच्या कातडीवर तेल हात सरकायला लागते, तर घोड्याच्या अंगावर केसांचा थर आहे. तेल त्यात धूळ धरून ठेवते, दुसऱ्या दिवशी गादीखाली ती धूळ घासते, आणि बोटाखालचा स्नायू नीट वाचताही येत नाही. मी खरारा करून, म्हणजे अंग घासून साफ करून, कोरड्या हाताने, केसांच्या दिशेने काम करतो. दुसरी गोष्ट जोर. घोड्याला अंगावर बसलेली माशी कळते आणि तो तेवढीच कातडी थरथरवतो. इतक्या जाणत्या कातडीवर कोपराने रगडले तर घोडा स्नायू सोडण्याऐवजी आवळून घेतो, आणि आपल्याला वाटते की गाठ फार घट्ट आहे म्हणून आणखी जोर लावावा. तिसरी गोष्ट पाय. पैलवानाच्या पोटऱ्या रगडतात तसे घोड्याच्या गुडघ्याखाली रगडू नये. तिथे मांसल स्नायू नसतोच, कातडीखाली थेट कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) असतात, आणि ताण पडलेल्या कंडरेला जोराने चोळणे म्हणजे तिचे तंतू आणखी फाडणे होय. गुडघ्याच्या खाली माझा हात फक्त ऊब आणि सूज तपासायला जातो.

पैलवान सांगतो की इथे दुखते, जरा हळू. घोडीला हे शरीराने सांगावे लागते, म्हणून हातापेक्षा डोळा आधी तयार करावा लागतो. दाब बरोबर बसला की डोके खाली येते, खालचा ओठ लोंबतो, डोळे मिटू लागतात, ती चघळल्यासारखे करते, जांभई देते किंवा लांब श्वास सोडते. दाब जास्त झाला की कान मागे जातात, शेपटी झटकली जाते, श्वास रोखला जातो, पाठ हाताखालून खाली दबते किंवा मागचा पाय उचलला जातो. पहिले लक्षण दिसताच दाब अर्धा करावा. चावण्याची वाट पाहू नये, आणि चावली म्हणून मारू तर मुळीच नये, कारण ती आपल्याला तिच्या परीने आधी सांगून चुकलेली असते.

माझी पद्धत अशी आहे. काम संपवून, घोडी पूर्ण थंड होऊन, पाणी पिऊन तास-दोन तास झाले की शांत जागी, सपाट जमिनीवर उभे करतो. दोर बांधून न ठेवता ओळखीच्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या, हातात सैल देतो, आणि त्याला माझ्याच बाजूला उभे राहायला सांगतो, म्हणजे घोडी दचकली तर तिला दुसऱ्या बाजूला वाट राहते. पहिली दहा मिनिटे मी काहीच सोडवत नाही. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पालथा, मग उताणा हात फिरवून ऊब, घट्टपणा आणि थरथर यांची तुलना करतो. आपल्या घोडीच्या बाबतीत डावी बाजू घट्ट आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला उजवा मागचा पुठ्ठा, डावा खांदा आणि छाती कशी आहे हे पाहायचे असते, कारण घोड्याचे शरीर तिरक्या जोड्यांनी काम करते.

त्यानंतर सबंध तळव्याने लांब, संथ हात फिरवतो. मग पुठ्ठ्यांसारख्या जाड भागावर तळव्याच्या टाचेने दाबतो आणि सोडतो, श्वासाच्या लयीत, पुन्हा पुन्हा. मानेवरचा भाग मळतो. गाठ सापडली तर तिच्यावर अंगठा किंवा दोन बोटे ठेवून, घोडी सहन करील एवढ्याच दाबाने, मनात वीसपर्यंत मोजतो आणि ती हाताखाली विरघळते का ते पाहतो. विरघळली नाही तर पुढे जातो, पुढच्या वेळी पुन्हा पाहतो. मणक्यांच्या हाडांवर कधीच दाब देत नाही, आणि शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात फार हलका ठेवतो. शेवटी परत लांब हात. सगळे मिळून पाऊण तास ते एक तास लागतो, त्यानंतर वीस मिनिटे हातात धरून चालवणे आणि दुसऱ्या दिवशी हलके काम. रोज तासभर खोल मालिश केली तर स्नायूला सावरायला वेळच मिळत नाही. आपल्या घोडीसाठी पहिले महिनाभर आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग गरजेप्रमाणे, असे मी सुचवीन. रोज दहा मिनिटे हलका हात आणि मनापासून केलेला खरारा मात्र जरूर असावा. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मानेच्या मुळाशी, जिथे घोडे एकमेकांना खाजवतात, तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात. मी प्रत्येक घोड्याची सुरुवात त्याच जागेपासून करतो.

मालिशीने काय होते याबद्दल मी मोजूनच बोलतो. अमेरिकेतील जॅक मीघर यांनी माणसांच्या खेळातील मालिश घोड्यांवर आणली आणि १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकी संघाच्या घोड्यांवर काम केले, तेव्हापासून तिचा प्रसार झाला. पण शास्त्रीय अभ्यास अजून थोडेच आहेत. मालिशीनंतर पाठीवर दाब सहन करण्याची क्षमता वाढते असे दिसले आहे. स्नायूत साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने निघून जाते, असे अनेक जण सांगतात, ते खरे नाही. ते आम्ल रपेट संपल्यावर तासा-दीड तासात शरीर स्वतःच वापरून टाकते, आणि त्याला मदत होते ती रपेटीनंतरच्या पंधरा मिनिटांच्या संथ चालण्याची. वेग आणि उडीबाबत माझे उत्तर असे की मालिश घोडीला नवी ताकद देत नाही. दुखण्यामुळे ती जे पाऊल आखडते ते मोकळे झाले, तर तिची स्वतःची उडी तिला परत मिळते, आणि बघणाऱ्याला वाटते की उडी वाढली.

ताकद हवी असेल तर व्यायामच हवा. घोडी चालून गरम झाल्यावर गाजर दाखवून मान छातीकडे, दोन्ही कुशींकडे आणि पुढच्या पायांच्या मध्ये खाली न्यायला लावावी, प्रत्येक जागी काही सेकंद थांबवावी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने हे व्यायाम केल्यावर मणक्यांना जवळून धरून ठेवणारा खोल स्नायू जाड झालेला आढळला. मान ओढून ताणू नये, गाजराच्या मागे ती स्वतः येईल तेवढीच यावी.

मलमांबद्दल एक सावधगिरी. आपण स्पर्धेत उतरणार असाल तर कापूर किंवा मिरचीचा अर्क असलेले कोणतेही मलम स्पर्धेच्या आसपास लावू नये. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन हे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडेत बंदी असलेले द्रव्य आहे, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, ज्याच्या अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या, काही घोडे त्याच्यामुळे बाद झाले होते. स्पर्धेच्या आधीच्या दोन दिवसांत खोल मालिशही करू नये. त्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे हलका हात पुरेसा आहे.

खाण्याबद्दल आपण लिहिलेले नाही, पण आपल्या भागात घोड्याला उसाचे वाडे, गूळ आणि भरपूर हरभरा देण्याची रीत आहे म्हणून विचारतो. साखर आणि पिष्ट जास्त, काम मात्र आठवड्यातून तीनच दिवस, हा मेळ स्नायू आखडण्याच्या आणि खुराच्या सुजेच्या दृष्टीने धोक्याचा आहे. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करावी, सुकी वैरण मुबलक ठेवावी, मिठाचा खडा कायम समोर असावा, आणि कोणताही बदल आठवडाभरात हळूहळू करावा.

पुढचे तीन आठवडे उड्या बंद ठेवा आणि एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: तंग आवळताना ती काय करते, डाव्या वर्तुळात दुडकी कशी आहे, हाताला डावी पाठ कशी लागते, आणि घामाचा ठसा कसा होता. पशुवैद्यकांची आणि नालबंदाची तपासणी झाली की ती वही आणि दुडकीचे चित्रण मला दाखवा. पहिल्या मालिशीला मामांना जरूर बोलवा. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या पाठीवर नुसता तळवा ठेवून उभे राहावे, आणि घोडीने श्वास सोडल्यावर हाताखाली काय बदलले ते मला सांगावे.